दोरी दिसते तोवर

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या गल्लीतून चाके लावलेला लाकडी नंदी ओढत नेणाऱ्या मुलाला आपला बैल लाकडाचा आहे हे पक्के ठाऊक असते. घरोघरी त्या बैलाला टिळा लावणाऱ्या, हार घालणाऱ्या आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवणाऱ्या मोठ्या माणसांनाही ते ठाऊक असते. दोरी मुलाच्या हातात आहे, ती सगळ्यांना दिसते, आणि तरीही तोरणाखाली उभा राहिल्यावर तो बैल बैलच असतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी ही प्रथा सुरू केली असे परंपरा सांगते. तिचे मूळ काहीही असो, बाहुलीच्या खेळाचे सगळे मर्म या एका दोरीत आहे. खोटे आहे हे माहीत असताना खरे मानण्याचा तो करार आहे आणि दोरी ही त्या कराराची उघड खूण. बाहुल्यांचे खेळ, जुनी व्यंगचित्रे, कार्टून आणि त्यांच्यावरून निघालेले चित्रपट यांच्याविषयी चाहत्यांमध्ये जो वाद वर्षानुवर्षे चालतो, तो बहुतेक वेळा चेहऱ्यापाशी अडकतो. पडद्यावरचा मुलगा चित्रातल्या मुलासारखा दिसतो का, गोष्ट बदलली का, एखादे पात्र का गाळले, असे प्रश्न विचारले जातात. माझ्या मते खरा प्रश्न दुसरा आहे. पडद्यावर जाताना दोरी कुठे गेली, आणि तिच्या जागी काय आले? रूपांतर टिकते की पडते हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. जुन्या मराठीत कळसूत्री बाहुलीला ‘साइखडे’ हा शब्द होता, आणि संतांनी माणसाचे परतंत्र जगणे सांगण्यासाठी बाहुली आणि सूत्र यांचा दृष्टांत सहज वापरला. ऐकणाऱ्यांनी असा खेळ पाहिला नसता तर तो दृष्टांत चाललाच नसता. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने तीन कला एकत्र जपल्या: कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी. सुट्या चित्रांची पोथी एकेक करून पुढे धरत रामायण-महाभारतातले आख्यान गाणारा चित्रकथी चित्राच्या आड लपत नाही, तो चित्राला चिकटूनच बसतो. प्रेक्षकाची नजर चित्रावर, कान गाणाऱ्याकडे, आणि दोन चित्रांमधला प्रवास प्रेक्षकाच्या मनात. 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. मराठी नाटकाला सूत्रधार मिळाला तो संस्कृत नाटकाकडून, पण त्या शब्दाच्या पोटात सूत्र आहेच. जपानच्या बुनराकु खेळात तर एक बाहुली तीन माणसे सर्वांसमोर हलवतात आणि मुख्य कलावंताचा चेहराही झाकलेला नसतो, तरी तिच्या दुःखाने प्रेक्षक रडतात. हलवणारा दिसल्याने भ्रम मोडतो ही समजूत चुकीची आहे, हे इतक्या दूरदूरच्या कलांनी दाखवून दिले आहे. हलवणारा दिसतो म्हणूनच प्रेक्षकाला आपला वाटा उचलता येतो.

शब्दभ्रमाच्या कलेत हा वाटा अगदी नेमका मोजता येतो. यशवंत केशव पाध्ये यांनी 1916च्या सुमारास अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला मराठी रंगमंचावर आणले. 1967पासून त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी हा वारसा चालवला आणि आज त्यांची पुढची पिढीही त्याच कामात आहे. अर्धवटरावांनी वयाची शंभरी ओलांडली, पण त्यांचा आवाज ज्या गळ्यातून निघतो तो गळा बदलत गेला. ओठ न हलवता बोलायचे तर मोठी अडचण येते ती ओष्ठ्य वर्णांची. प, फ, ब, भ, म हे ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. शब्दभ्रमकार त्यांच्या जागी जिभेने काढता येतील असे जवळचे ध्वनी ठेवतो, आणि ‘बाबा’ किंवा ‘मामा’ हा शब्द श्रोता आपल्या कानात स्वतः दुरुस्त करून घेतो. उरलेले काम डोळे करतात. ज्याचे तोंड हलताना दिसते त्याच्याकडे मेंदू आवाज ढकलतो. चित्रपटगृहात आवाज ध्वनिवर्धकातून येतो आणि आपण तो नटाच्या ओठांवर ठेवतो, तेही याच नियमाने. म्हणजे चित्रपट हा मुळातच शब्दभ्रम आहे, आणि बाहुली त्याच्याकडे परकी म्हणून येत नाही. फरक एकच पडतो: पाध्ये अर्धवटरावांच्या शेजारी उभे असतात, चित्रपटात शेजारी कुणी उभे नसते.

भारतीय चित्रपटाने ही गोष्ट फार लवकर हेरली. दादासाहेब फाळके यांनी 1915च्या सुमारास आगकाड्यांची मौज दाखवणारा लघुपट केला. एकेक चौकट टिपत, दोन चौकटींच्या मध्ये काड्या हाताने सरकवत त्यांनी त्या नाचवल्या. हलवणारा हात प्रत्येक चौकटीच्या आधी तिथे होता आणि चौकटीत मात्र कुठेच नव्हता. पुढे 1930च्या दशकात प्रभातने ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला, आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1950च्या दशकात कार्टून विभाग उभा राहिला. विजया मुळे यांच्या कल्पनेतून आणि भीमसेन यांच्या हातून 1974 साली ‘एक अनेक और एकता’ आला. दूरदर्शनच्या कितीतरी प्रेक्षकांना तो आजही पाठ आहे. त्यात मोठी ताई लहान मुलांना गोष्ट सांगते, आणि सांगता सांगता पक्षी आणि जाळे तिच्या बोलण्यातून उभे राहतात. चित्रकथीच तो, फक्त पोथीच्या जागी फिल्म.

मराठी चित्रपटात या प्रश्नाचा सर्वात धाडसी जबाब 1993च्या ‘झपाटलेला’ने दिला. महेश कोठारे यांच्या या चित्रपटाचा नायक लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, हा बाहुल्यांचे खेळ करणारा आहे, आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या बाहुल्यात तात्या विंचू या गुंडाचा आत्मा शिरलेला आहे. माणूस असलेला तात्या दिलीप प्रभावळकरांनी रंगवला. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि हलवला. चित्रपटाला पाध्ये यांना पडद्याआड ठेवणे भागच होते. रंगमंचावर जो माणूस शेजारी दिसतो, तो इथे दिसला असता तर भीती उरली नसती. मग प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न उठणार, की याला हलवतो कोण, तोच प्रश्न चित्रपटाने कथेचा गाभा केला. सूत्रधार दिसेनासा झाला की त्याच्या रिकाम्या जागी भूत येते. इतकेच नाही, कथेच्या नियमाप्रमाणे तात्याला ज्या माणसाच्या देहात शिरायचे आहे तो माणूस लक्ष्याच. बाहुलीला तिच्या खेळियाची जागा हवी आहे. दोरीचे टोक उलट बाजूने ओढले जाते. म्हणून ‘झपाटलेला’मधला बाहुला ताठ आणि अडखळत चालणारा आहे हा त्याचा दोष ठरला नाही. तो ताठपणाच घाबरवतो, कारण आत काहीतरी आहे जे या देहाला सरावलेले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ही कल्पना 1988च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातून घेतलेली आहे. मेलेला गुंड, मंत्र, बाहुली आणि दुसऱ्याच्या देहात शिरण्याची अट हे सारे तिथे होते. उसनवारी खरीच आहे आणि ती मान्य करावी. पण त्या चित्रपटातला चकी हा विकत आणलेला, जाहिरातीतला, हजारोंनी बनणारा खेळण्यातला बाहुला आहे. त्याची भीती बाजाराची भीती आहे: आईने लेकराच्या हट्टासाठी घरात आणलेली वस्तू उलटते. तात्या विंचू मराठी प्रेक्षकांकडे आला तो अर्धवटरावांच्या नातेवाइकासारखा. ज्या पाध्ये यांना लोकांनी रंगमंचावर अर्धवटरावांशी हुज्जत घालताना पाहिले होते, ज्यांचा ससा लिज्जत पापडाच्या जाहिरातीतून घराघरांत पोहोचला होता, त्यांच्याच हातचा बाहुला आता खून करत होता. हा धक्का अमेरिकी चित्रपटाला देता आला नसता, कारण त्यामागे बोलक्या बाहुल्याशी जमलेली अनेक दशकांची मराठी ओळख होती. चोरलेला सांगाडा आणि घरचे रक्त, असे काहीसे ते झाले. आणि आजच्या तरुणांना, जे 1993मध्ये जन्मलेही नव्हते, तात्या विंचू ठाऊक आहे आणि चकी ठाऊक असलाच तर तात्याच्या मागून.

वीस वर्षांनी, 2013 साली, ‘झपाटलेला 2’ आला तो त्रिमितीत. बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर धावून येऊ शकत होता. तरीही चाहते बोलतात ते पहिल्या भागाविषयी, आणि यामागे निव्वळ जुन्याचे वेड आहे असे मला वाटत नाही. पहिल्या भागात बाहुल्याचा आणि खेळियाचा संबंध कथेत होता. त्रिमितीने बाहुला जवळ आणला, पण त्या संबंधात भर घातली नाही. तंत्राने अंतर कमी होते. प्रश्न अंतराचा नव्हता.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप उभा राहतो. तंत्र इतके पुढे गेले आहे की केसन् केस हलवता येतो, मग लाकडाच्या ताठपणाचे आणि रेघांच्या साधेपणाचे गुणगान म्हणजे अपुऱ्या साधनांना सद्गुण ठरवणे नव्हे का? या आक्षेपाची परीक्षा एकाच गोष्टीच्या तीन रूपांवर घेता येते. ‘द लायन किंग’ 1994 साली रेषांत आला, 1997 साली ज्युली टेमर यांनी तो रंगमंचावर आणला आणि 2019 साली तो संगणकाने खऱ्या सिंहाइतका खरा करून पुन्हा आला. टेमर यांनी सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्याच्या वर ठेवला आणि खाली माणसाचा चेहरा उघडा ठेवला. प्रेक्षक दोन्ही चेहरे एकदम पाहतो आणि तो प्रयोग आजही चालू आहे. 2019च्या रूपाने पैसा मोठा कमावला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तक्रार सर्वत्र एकच झाली: सिंह बोलतो, त्याचा बाप मरतो, आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. उमटणार कसे? खऱ्या सिंहाला भुवया उडवता येत नाहीत. रेषेने ते स्वातंत्र्य घेतले होते आणि प्रेक्षकाने दिले होते. सगळे खरे केल्यावर प्रेक्षकाकडे द्यायला काही उरले नाही. म्हणून साधन अपुरे की पुरे यावर हे ठरत नाही. पाहणाऱ्यासाठी किती जागा ठेवली यावर ठरते. 1979च्या ‘द मपेट मूव्ही’त जिम हेन्सन यांचा बेडूक केर्मिट भर रस्त्यात सायकल चालवतो, तेव्हा प्रत्येक जण त्याच्या खालचा हात शोधतो आणि तो सापडत नाही म्हणून खूश होतो. तिथेही दोरी हरवलीच होती, पण हरवल्याचा आनंद प्रेक्षकाच्या हातात दिलेला होता.

मौदा परिसराला या चर्चेत एक खास जागा आहे, आणि ती क्वचितच कुणी सांगते. रडयार्ड किपलिंगच्या 1894च्या ‘जंगल बुक’मधली सिवनीची टेकाडे नागपूरच्या उत्तरेला आहेत, आणि मोगलीच्या गोष्टीत वाहणारी नदी वैनगंगा आहे. पेंचचे पाणी घेऊन मौद्याजवळून जाणारी कन्हान पुढे त्याच वैनगंगेला मिळते. म्हणजे मोगली हा आपल्या नदीच्या खोऱ्यातला पोर. पण तो आपल्याकडे परत आला तो जपानमार्गे: जपानमध्ये तयार झालेली कार्टून मालिका 1993 साली दूरदर्शनवर हिंदीत लागली, गुलजार यांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत घेऊन. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता. चित्र जपानी, गोष्ट इंग्रजी, जंगल मध्य भारतातले, आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या माणसाचा. 2016 साली डिस्नेचा चित्रपट भारतात हिंदीत आला तेव्हा शेरखानला पुन्हा पाटेकरांचाच आवाज दिला गेला आणि जुने गाणेही नव्याने बाहेर काढले गेले, कारण वितरकांनाही कळत होते की भारतीय चाहत्यांची निष्ठा कोणत्या धाग्याला बांधलेली आहे. वाघाचे रूप बदलले तरी चालले, आवाज बदलून चालणार नव्हता. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन फॅव्हरो हेच पुढे 2019च्या ‘लायन किंग’चेही दिग्दर्शक. मग एक का भावला आणि दुसरा का कोरडा वाटला? ‘जंगल बुक’मध्ये एक खरा मुलगा होता, आणि चित्रणाच्या वेळी त्याला समोर कुणीतरी हवे म्हणून हेन्सन यांच्या संस्थेने केलेल्या बाहुल्या वापरल्या गेल्या. मुलाने ज्याच्याकडे पाहून अभिनय केला ते बाहुले नंतर पुसले गेले, पण मुलाच्या नजरेत ते राहिले. या साऱ्यात एक सल मात्र उरतो. वैनगंगेच्या पोराने वैनगंगेकाठच्या मुलांशी मराठीत, झाडीबोलीत तर सोडाच, बोलण्याची वेळ त्या काळात आली नाही. आवाज हा जर बाहुलीचा अर्धा जीव असेल, तर आपल्या मुलांच्या बालपणातला तो अर्धा जीव दुसऱ्या भाषेत गेला.

मराठीत जी घरची पात्रे होती त्यांचे पडद्यावर काय झाले? 1991पासून वर्तमानपत्रातून भेटणारा चिंटू हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. थोड्या रेघांत उभा राहणारा, दोन-तीन चौकटींत दिवस संपवणारा आणि वर्षे उलटली तरी न वाढणारा. त्याची मजा चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत आहे. आई काय बोलली असेल, मित्र पप्पूने काय केले असेल, हे वाचक तिथे भरतो. 2012 साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याला चित्रपटात आणले आणि 2013 साली दुसरा भाग केला. दोन्ही चित्रपट मुलांसाठी प्रेमाने केलेले आहेत, आणि मुलांसाठी मराठीत इतक्या कमी गोष्टी होतात की त्या प्रेमाची किंमत करावी. पण खरा मुलगा वाढतो, दोन तासांच्या कथेला संकट लागते, खलनायक लागतो, आणि कोरी पट्टी भरून जाते. पडद्यावर एक गोड मुलगा दिसला. त्याचे नाव चिंटू होते.

फास्टर फेणेचे उदाहरण उलट आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश 1970च्या दशकापासून पुस्तकांतून सायकल पळवत होता. 1987 साली दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो साकारला. 2017च्या चित्रपटात आदित्य सरपोतदार यांनी त्याचे वय वाढवले, काळ बदलला आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गैरव्यवहाराची गोष्ट त्याच्या गळ्यात घातली. चेहऱ्याच्या आणि वयाच्या कसोटीवर हे रूपांतर चिंटूपेक्षा कितीतरी अप्रामाणिक आहे. तरी ते अधिक जिवंत वाटते, आणि त्याचे कारण मला एका पात्रात दिसते. भागवतांवर बेतलेला वृद्ध लेखक त्या चित्रपटात स्वतः वावरतो, आणि तो रंगवला आहे प्रभावळकरांनी, ज्यांनी एकेकाळी तात्या विंचू रंगवला. लिहिणारा हात चित्रात आला. दोरी पुन्हा दिसू लागली, आणि बाकीचे बदल प्रेक्षकाने सोसले.

कुणी म्हणेल की रूपांतर ही स्वतंत्र कलाकृती आहे. मूळ गोष्टीचे ओझे तिच्यावर का? हे तत्त्वतः खरे आहे. पण मग नावही स्वतंत्र घ्यावे. नाव घेतले की वाचकांनी वर्षानुवर्षे केलेली गुंतवणूकही घेतली जाते. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत या देण्याघेण्याची फार समंजस वाटणी झालेली आहे. 1880च्या दशकापासून निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे रूप लोक सांभाळतात, पण त्यांच्याबरोबर निघणारे बडगे दरवर्षी नवे असतात: त्या वर्षाचा भ्रष्टाचार, महागाई, जो कुणी पुढारी लोकांच्या रोषाला पात्र ठरला तो. बडग्या म्हणजे रस्त्यावर चालणारे व्यंगचित्रच. काय हलवायचे नाही आणि काय बदलायचे हे तिथल्या गर्दीने जवळपास दीडशे वर्षांच्या सवयीने ठरवले आहे, आणि त्या पुतळ्यांना वाहून नेणारे खांदे सगळ्यांसमोर असतात. चित्रपट करणाऱ्यांनी एखादे जुने पात्र हाती घेताना मारबत कोणती आणि बडग्या कोणता एवढे जरी ठरवले तरी अर्धे वाद मिटतील.

दोरी दिसण्याचा प्रश्न शेवटी श्रेयाचा आणि पोटाचाही आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी 2006 साली गुरांच्या गोठ्यात ठाकर कलेचे संग्रहालय उभे केले, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराने नाव दिसू लागले. पण बाहुल्या संग्रहालयात टांगून कला टिकत नाही, तिला हलवणारे हात लागतात आणि त्या हातांना वर्षभर खेळ लागतात. पाध्ये यांना चित्रपटाने ओळख आणि काम दिले, कारण तिथे बाहुलीवाचून गोष्ट अडत होती. विदर्भात दंडार आणि खडी गंमत करणाऱ्यांनाही हे चांगले कळते: प्रेक्षक मिळाला तर पुढची पिढी शिकते. उद्या जर बाहुली संगणकात हलवता आली, तर अडणे संपेल.

तो उद्या आता फार दूर नाही. ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली, तेव्हा 2004 साली गेलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आणण्याची कल्पनाही बोलून दाखवली गेली. यामागे प्रेम आहे यात मला शंका नाही. लक्ष्याशिवाय ती गोष्ट अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. पण पहिल्या चित्रपटात एक बाहुला लक्ष्याच्या देहात शिरू पाहत होता आणि चित्रपटभर लक्ष्या ते होऊ देत नव्हता. आता लक्ष्याचा देहच बाहुला होईल. त्याचे ओठ हलतील, त्या ओठांवर आवाज ठेवण्याचे काम आपले डोळे सवयीने करतील, आणि शेजारी पाध्ये यांच्यासारखे कुणी उभे नसेल.